दुपारच्या वर्गाची मॉनिटर

मोठ्या माणसांना शिकवणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ठाकुर्लीतल्या आमच्या दुपारच्या वर्गात एकदा येऊन बसावं. शाळेतून निवृत्त झाल्यावर घरी भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा बरं, म्हणून मी एका संस्थेच्या महिलांच्या वर्गावर जायला लागले. ज्यांची शाळा अर्धवट सुटली अशा बायकांना बाहेरून दहावीला बसवायचं, हे आमचं काम. पालिका शाळेतली एक रिकामी खोली, पहिलीच्या मुलांचे बुटके बाक, आणि त्या बाकांत गुडघे कसेबसे कोंबून बसलेल्या लेकुरवाळ्या बायका.

वर्ग ताब्यात ठेवण्यात माझं आयुष्य गेलं होतं. तरी माझ्याजवळचा एकही उपाय इथे चालेना. पोरगं बडबडलं तर त्याला उभं करता येतं, फारच झालं तर त्याच्या आईला बोलावता येतं. इथे आईच बडबडत होती. जवळजवळ माझ्याच वयाच्या बाईला 'तोंड बंद ठेवा' म्हणायला माझी जीभ रेटत नसे. डोळे वटारले तर समोरून काळजीने विचारलं जाई, "मॅडम, बीपीची गोळी घेतलीत ना?"

हे विचारणारी बाई बहुतेक वेळा एकच असायची. दिवा स्टेशनजवळच्या दाटीवाटीच्या इमारतींतून ती यायची. कोकणातली, खणखणीत आवाजाची, सातवीतून शाळा सुटलेली. फोन आला की तो स्पीकरवर टाकून ती सगळ्या वर्गाला आपल्या बहिणीच्या घरची भांडणं ऐकवायची. मोड आलेले वाल पिशवीत घालून आणायची आणि सोलायला ती पिशवी बाकावरून पुढे सरकवायची. माझ्या गोदावरीच्या उपनद्या सांगून होईपर्यंत त्या बाकावर रात्रीच्या बिरड्याची तयारी झालेली असे. बीजगणित काढलं की तिचा ठरलेला प्रश्न, "मॅडम, भाजीवालीला काय आता एक्स देऊ?" बायका खो खो हसायच्या, माझं डोकं फिरायचं, आणि तास संपायचा.

तिच्याच बाकावर, तिला खेटून, तिची सून बसायची. तिची शाळा नववीतून सुटून थेट लग्नच झालं होतं. हसण्यात नाही, बडबडीत नाही, उत्तर देण्यातही नाही. मी काही विचारलं की ती आधी सासूकडे बघायची आणि मग वहीत मान घालायची. मला वाटलं, हिला काहीच येत नाही.

माझा हा समज पाण्यामुळे दूर झाला. त्यांच्या इमारतीत नळाला पाणी यायचं ते नेमकं दुपारी, वर्गाच्या वेळेला. मोटर लावायला आणि पिंपं भरायला घरात कोणीतरी हवंच. म्हणून पाण्याच्या दिवशी दोघींनी पाळी लावली होती. एकदा सासू पाण्याला, सून वर्गाला, पुढच्या वेळी उलट. नळाला पाणी नसेल त्या दिवशी दोघी मिळून येत. सून एकटी येई त्या दिवशी मी बघतच राहायचे. हीच का ती बाई? पहिल्या बाकावर बसायची, मी प्रश्न पुरा करायच्या आत हात वर. विज्ञानात तर वर्गात तिच्या जवळपासही कोणी नव्हतं.

एकदा तास सुटल्यावर मी तिला बाहेरच्या पायऱ्यांवर गाठलं. "अगं, एवढं येतं तर सासूबाई असताना गप्प का बसतेस? घरी बोलतात का?"

"नाही हो मॅडम, आई बोलत नाहीत काही," ती म्हणाली. "पण त्यांच्याआधी मी उत्तर दिलं ना, की त्यांचं तोंड उतरतं. त्यांना येत नाही ना, म्हणून तर त्या मस्करी करतात."

हे तिला कळलं होतं. मला नव्हतं कळलं. मग तिने मला सांगितलं की तिला रुग्णालयातल्या मदतनीसाचा कोर्स करायचा आहे. त्याला दहावी लागते. नवऱ्याने एकदा परवानगी दिली आहे, पण ती किती दिवस टिकेल सांगता येत नाही. "एकदाच चान्स आहे मॅडम," ती म्हणाली. "ह्या वर्षी राहिलं तर राहिलंच."

त्याच सुमारास संस्थेने आम्हां शिक्षिकांना ठाण्यात एका कार्यशाळेला बोलावलं. विषय, प्रौढांच्या वर्गातली शिस्त. थंडगार हॉल, खुर्च्यांना पांढरी कापडं, आणि जन्मात कधी गोंगाट करणाऱ्या वर्गासमोर उभे न राहिलेले एक तज्ज्ञ. त्यांचं म्हणणं, जी बाई वर्गात सर्वांत जास्त त्रास देते तिच्यावर जबाबदारी टाका, ती सुतासारखी सरळ होते. शाळेत टवाळ पोरांवर हे आम्ही केव्हापासून करत आलो होतो. त्यासाठी पडद्यावर रंगीत चित्रं दाखवायची गरज नव्हती. पण आमचा समन्वयक, माझ्या मुलाहून लहान असलेला उत्साही तरुण, भराभर लिहून घेत होता. हे आता आमच्या वर्गावर येणार, हे मी तेव्हाच ओळखलं.

पुढच्याच आठवड्यात समन्वयक आमचा वर्ग बघायला आला. नळाला पाणी नव्हतं, त्यामुळे सासू-सून दोघी हजर होत्या. मी हृदयाचा धडा घेत होते. साहेबांना राहवेना, त्यांनी स्वतःच विचारलं, "सांगा बघू, आपल्या हृदयाला कप्पे किती?"

सुनेने मान वर केली. ओठ हलले तिचे, मी पाहिलं. तेवढ्यात सासू म्हणाली, "दोन! एक सासरचा नि एक माहेरचा. सासरच्याला कुलूप असतं साहेब!"

वर्गात हशा पिकला. समन्वयक तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. सुनेने मान खाली घातली. हसू आवरल्यावर तो मला म्हणाला, "मॅडम, काय नेतृत्वगुण आहेत यांच्यात!" मी त्याला बाजूला घेऊन सांगत होते की जरा थांबा, यांच्या घरचं गणित वेगळं आहे. पण त्याने बॅगेतून बिल्ला काढलाच होता. तो आधीच करून आणलेला होता, म्हणजे कोणाला तरी लावायचाच होता. सगळ्यांसमोर त्याने तिला मॉनिटर केलं आणि फोटो काढला. बरोबर उत्तर कोणालाच विचारायचं राहून गेलं.

आणि उपाय लागू पडला. हेच तर माझ्या मनाला लागलेलं आहे. पडला नसता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून ती बाई पदराला बिल्ला लावून सर्वांच्या आधी हजर. फळा पुसलेला, तारीख लिहिलेली. वालाची पिशवी यायची, पण आता तिच्यात सगळ्यांचे फोन जमा व्हायचे. कोणी कुजबुजलं की मागून आवाज, "ए, मॅडम बोलतायत ना? मग घरी जाऊन बोल." मस्करी बंद झाली. ती अभ्यास करायला लागली. मॉनिटरला येत नाही म्हटल्यावर लाज जाईल म्हणून पहाटे उठून पाठ करायची. एक दिवस एक्सची किंमत बरोबर काढून तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला तिचा राग धरता येईना. सातवीत तिला शाळेतून काढून धाकट्या भावंडांना सांभाळायला बसवलं होतं, हेही तिने मला त्याच दिवशी सांगितलं.

फक्त सून दिसेना.

पहिल्या वेळी मी विचारलं तर उत्तर आलं, "आज पाणी आहे ना मॅडम." पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळी मी म्हटलं, "अहो, पण आज तुमची पाळी होती ना पाण्याची?"

ती मनापासून आश्चर्याने म्हणाली, "मॉनिटर कशी दांडी मारणार मॅडम? बाकीच्यांनी काय शिकायचं मग माझ्याकडून?"

शिस्तीचा धडा तिने अगदी नीट गिरवला होता. पाणी नसलेल्या दिवशी सून यायची, पण मधले धडे बुडालेले असायचे. एकटीने येऊन मोकळेपणी बोलायचे दिवस तर संपलेच होते. मग तेही येणं कमी होत गेलं. मी एकदा भर वर्गात विचारलं, "घरात सासरे असतात ना दुपारी? ते भरत नाहीत का पाणी?" सगळा वर्ग असा हसला की बस. जणू मी फार मोठा विनोद केला होता. सासरे रात्रपाळीचे वॉचमन, दुपारी झोपलेले असायचे. ते झोपलेले नसते तरी त्या हसल्या असत्या. त्यांना गप्प करणं त्या दिवशी मॉनिटरलाही जमलं नाही, कारण तीच सगळ्यांत जास्त हसत होती.

एका दुपारी वर्गाला सुट्टी होती, तेव्हा मी दिव्याला त्यांच्या घरी गेले. सासू बाजारात गेली होती. लिफ्ट नाही, जिन्यात उजेड नाही, आणि मधल्या वळणावर सून हातात पाइप धरून पिंप भरत उभी. पाण्याची धार करंगळीएवढी. मी म्हटलं, "तुझं वर्ष जातंय. घरात बोल. नाहीतर मी बोलते."

"नको मॅडम," ती घाईने म्हणाली. "आई किती खूश आहेत, बघता ना तुम्ही. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्यांना मान दिलाय. त्यांचं होऊ दे. मग माझं."

"आणि नवऱ्याची परवानगी?"

पिंप भरलं होतं, तिने पाइप दुसऱ्यात टाकला. मला तिचा संताप आला, तिच्या सासूचा आला, झोपलेल्या त्या माणसाचा तर फारच आला.

मी समन्वयकाला फोन केला. वर्ग सकाळी घेऊ या, निदान मॉनिटर दर महिन्याला बदलू या. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, चालत्या गाड्याला खीळ का घालताय? तुमचा वर्ग आता आपला आदर्श वर्ग आहे. आणि घरी कोणी थांबायचं, हा त्यांचा घरगुती प्रश्न झाला." वर्गातल्या गोंगाटावर त्याच्याकडे उपाय होता. वर्गात न येणाऱ्या बाईचा आवाजच होत नसल्यामुळे तिच्यावर उपाय करायची त्याला गरज वाटत नव्हती.

पुढच्या कार्यशाळेत त्याच थंडगार हॉलमध्ये मला यशस्वी प्रयोगाबद्दल बोलायला उभं केलं. मी प्रयोगाबद्दल थोडं आणि दिव्याच्या नळाबद्दल बरंच बोलले. तज्ज्ञांनी ऐकून घेतलं, फळ्यावर 'कौटुंबिक अडचणी' एवढं लिहिलं, आणि चहाची सुट्टी जाहीर केली. चहाबरोबर बटाटेवडा होता. मी तो न खाता निघून आले. त्याने कोणाचं काय बिघडलं म्हणा.

परीक्षेला सासू बसली. सुनेचं नाव दिलंच गेलं नाही. सासू पास झाली, आणि बऱ्या मार्कांनी झाली. मला आनंद झाला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. ती पेढे घेऊन वर्गात आली तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या, समन्वयक ठाण्याहून खास शाल घेऊन आला. पेढ्यांचा डबा धरायला सून बरोबर होती. ती दाराशीच उभी राहिली. ती आता वर्गातली नव्हती.

समन्वयकाने जाहीर केलं की मॉनिटरबाई आता बारावीसुद्धा इथूनच करणार, आणि मॉनिटरही त्याच राहणार. पुन्हा टाळ्या. मी सासूला हळूच म्हटलं, "आणि हिचं? तुमचं झालं की मग हिचं ना?"

"करू की," ती म्हणाली. "बारावी होऊ दे एकदा माझी. आता तर तिचा नवरापण म्हणतो, एका घरात एक शिकली ते बस्स झालं." तिच्या आवाजात काही वाईट नव्हतं. ती नुसती खुशीत होती.

सून डबा घेऊन माझ्यापाशी आली. मी पेढा उचलला. ती पुढे सरकेना. या वेळी तिने सासूकडे पाहिलं नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "मॅडम, हृदयाला चार कप्पे असतात. साहेबांनी विचारलेलं ना, तेव्हाच मला येत होतं."

समन्वयकाला तो प्रश्न आठवत नव्हता. तो माझ्याकडे बघू लागला.

सासू बिल्ला सारखा करत हसून म्हणाली, "अगं, मग तेव्हाच बोलायचं होतंस ना. तुला अडवलेलं का कोणी?"

सुनेने नकारार्थी मान हलवली, आणि डबा पुढच्या बाईसमोर धरला.