अमेरिकन साहेबाची निर्मनुष्य जागा

अन्याय झाला तो वाळवंटात शेळ्या घेऊन फिरणाऱ्या एका बदू म्हातारीवर. कधी, तेही सांगतो: ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, थंडी सुरू होतानाच्या एका शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजाआधी. करणारा माणूस वाईट नव्हता, म्हणून तर जास्त राग येतो.

कतारला दोहात मी ड्राफ्ट्समन होतो, नजमा नावाच्या वस्तीत चौघांबरोबर एका खोलीत राहायचो. शुक्रवारी पहाटे कंपनीचा अमेरिकन इंजिनीयर मला वाळवंटात न्यायचा. गाडी रत्नागिरीचे एक चाचा चालवायचे. त्या शुक्रवारांची अजून आठवण येते. थर्मासातला वेलचीचा चहा, खुबूसच्या गरम रोट्या, लांबवर नुसती शांतता. साहेब संत्र्याची सालंसुद्धा पिशवीत भरून परत आणायचा. ती सवय मला त्याच्यामुळेच लागली.

तो म्हणायचा, "आमच्याकडे माणसाचा हात न लागलेलं रान म्हणजे चर्च. तिथे गेलं की माणूस सुधारतो."

"आणि त्या रानात आधी राहणारे?" मी एकदा विचारलं.

"त्यांना दुसरीकडे जागा दिली," म्हणत त्याने चहा ओतून घेतला.

त्या शुक्रवारी त्याला तीन काळवंडलेले दगड दिसले. जागा मूळ होती तशी करायची म्हणून त्याने ते उचलून लांब फेकले, राख वाळूत मिसळली.

"साहेब, राहू द्या," चाचा म्हणाले. "कुणाची तरी चूल आहे. दगड असले की जागा धरलेली. दुसरा तिथे तंबू ठोकत नाही."

"चाचा, इथे कुणीच नाही."

"शेळ्या चारायला गेलेत. येतील."

"येऊ देत. दगडांना काय तोटा आहे?"

चाचांना नमाजाला उशीर होत होता. आम्ही निघालो.

काही आठवड्यांनी गेलो, तर तिथे भलत्याच कुटुंबाचा तंबू, आणि समोर शेळ्यांसकट म्हातारी उभी. सासऱ्यापासूनची जागा, विहीर जवळ, आता थंडीभर कुठे जायचं, असं ती म्हणतेय, हे चाचांनी सांगितलं. साहेब पांढराफटक पडला, दगड शोधायला धावला. ती "खलास" म्हणाली आणि शेळ्या वळवून निघून गेली.

अमेरिकेने रानाला देव मानलं. त्यामुळे रानं वाचली, हे खरंच. पण देवळातली माणसं आधी बाहेर काढली, हे तिथे कुणी सांगत नाही. आज आमच्या गावाकडच्या डोंगरात अभयारण्य आखतायत. नकाशावर धनगरवाडा दाखवलेलाच नाही, आणि शहरात पाठिंब्याच्या सह्या गोळा होतायत. तो कागद तुमच्याकडे आला तर सही करू नका. आधी धनगरवाड्यावर जा, तिथल्या माणसांना विचारा.