साहेबांचं काय करायचं

खुर्च्या विणणाऱ्या त्या माणसाला गल्लीत नावाने कोणी ओळखत नव्हतं. तोंडावर सगळे 'काका' म्हणत आणि पाठ वळली की 'चालेल'. खुर्चीची वेताची बैठक फाटली की लोक त्याच्याकडे येत. परवाऐवजी उद्याच हवी, चालेल? चालेल. दोन खुर्च्यांबरोबर एवढं स्टूलही करून टाका, चालेल? चालेल. मग पहाटे उठून तो वेत भिजत घालायचा आणि दुपारी कंबर धरून बसायचा. बायको म्हणायची, "माझ्या घरचे लग्नाचं विचारायला गेले होते, तेव्हाही हे एवढंच बोलले. मी तो होकार समजले."

कामाला बसला की मात्र तो वेगळाच माणूस असे. शेजारी पाण्याच्या टबात वेताच्या पट्ट्या, समोर खुर्चीची रिकामी चौकट, तिच्या कडेने बारीक भोकं. दोन फेऱ्या उभ्या, दोन आडव्या, दोन तिरप्या. एक पट्टी जरा ढिली दिसली तरी सगळं उसवून पुन्हा. त्याच्या वाट्याला जेवढा म्हणून हट्ट आला होता तो सगळा बोटांत गेला होता, जिभेसाठी काही उरलाच नव्हता.

साहेब म्हणजे बोका. चौदा वर्षांपूर्वी, पिल्लू असताना, तो कुठूनसा आला आणि एका बँक मॅनेजरच्या नव्याने विणलेल्या खुर्चीत जाऊन झोपला. खुर्ची न्यायला आलेला शिपाई दारातूनच म्हणाला, "काका, आधी साहेबांना उठवा." तेव्हापासून साहेब. घरात त्यांच्याविषयी सगळं बोलणं अहो-जाहोत. साहेब जेवले का? साहेबांनी परत टबात पाय घातला वाटतं. त्या नवराबायकोला मूल नव्हतं. मूल नसण्याचा आणि साहेबांचा काही संबंध नव्हता, पण लोक तो जोडत, आणि हे दोघं जोडू देत.

गेले दोन महिने साहेबांच्या किडन्या कुरकुरत होत्या. सोमवारी त्यांना दवाखान्यात सलाइनवर ठेवून घेतलं. मंगळवारी सकाळी नऊ वाजता फोन आला. काका, सॉरी.

तो पोचला तेव्हा साहेब स्टीलच्या टेबलावर होते, अंगाखाली निळा प्लास्टिकचा कागद. नेहमी झोपत तसेच झोपलेले, फक्त शेपटी नीट ठेवलेली. ती दवाखान्यातल्या कोणीतरी ठेवली असणार. साहेब शेपटीच्या बाबतीत इतके नीटनेटके कधीच नव्हते.

काउंटरवरच्या मुलीने एक फॉर्म पुढे सरकवला. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'मृत प्राण्याची विल्हेवाट'. तो त्या शब्दाकडे बघत राहिला.

"काका, तीन पर्याय आहेत," मुलगी म्हणाली. तिचा आवाज चांगला होता, घाई असूनही चांगला. "एक, तुम्ही घरी नेऊ शकता. दोन, विद्युतदाहिनी, पण ती पंधरवडाभर दुरुस्तीला आहे. तीन, चार वाजता गाडी येते. ते सगळे एकत्रच नेतात."

"एकत्र म्हणजे?"

"म्हणजे बाकीचे पण असतात. दोनतीन दवाखान्यांतले."

"आणि नेऊन?"

मुलीने पेनचं टोपण लावलं, काढलं. "ते त्यांचं त्यांचं करतात, काका. चारपर्यंत फ्रीजरमध्ये ठेवते मी. तोवर ठरवा."

बायको मोज्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. तिथे मोबाइल लॉकरमध्ये ठेवावे लागत, जेवणाच्या सुट्टीतच बाहेर निघत. बारा वाजता तिने फोन केला. त्याने सांगितलं. पलीकडून कारखान्याच्या कँटीनचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "गाडीत नाही द्यायचं. बाकी तुम्हाला सुचेल ते करा, पण गाडीत नाही. कुणाच्या कुणाबरोबर. ऐकताय ना?"

"हो."

"हो नाही. नीट सांगा."

"गाडीत नाही द्यायचं," तो म्हणाला.

एवढंच तर तिने मागितलं होतं. आणि त्यांची जागा तिसऱ्या मजल्यावर, भाड्याची, दोन खोल्यांची. माती म्हणून जी होती ती बायकोच्या चपलांना लागून येई तेवढीच.

तो आधी तळमजल्यावर मालकीणबाईंकडे गेला. इमारतीच्या मागे भिंतीलगत एक पट्टा होता, त्यात कोणी काही लावत नसे. मालकीणबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि ताट बाजूला ठेवलं.

"वाईट झालं हो. माझ्या जिन्यात लोळायचा, पण मूर्ख नव्हता. मागचं म्हणाल तर तिथून पाइप गेलेत. शिवाय आज तुम्हाला दिलं की उद्या दुसरा मजला कुत्रा घेऊन येईल, परवा कोणी पोपट आणेल. असं करा, ती मोठी कुंडी आहे ना, निवडुंगाची? ती घ्या. चालेल?"

"चालेल," तो म्हणाला.

बाहेर येऊन तो कुंडीसमोर उभा राहिला. साहेब सहा किलोंचे होते. आजारपणात पाचांवर आले असतील. कुंडीत त्यांचं डोकं आणि खांदे मावले असते. हे मालकीणबाईंना सांगायला परत आत जाणं सहज शक्य होतं, सहा पावलांचं काम. तो तीन पावलं गेला. आतून तांदूळ ताटात पडल्याचा आवाज आला, आणि आता पुन्हा त्या बाईला उठवायचं कशाला असं वाटून तो फिरला.

मग त्याने मेहुण्याला फोन लावला. मेहुण्याचं गावाबाहेर घर होतं, घराला अंगण होतं.

"भावोजी, विचारता काय, आणा की," मेहुणा म्हणाला. "फक्त आज नाही, मी बाहेर आहे. गेटला कुलूप आहे. रविवारी या. रविवार चालेल ना?"

मंगळवारी मेलेला बोका रविवारपर्यंत कुठे ठेवायचा, हा प्रश्न त्याच्या डोक्यात आला तो फोन ठेवल्यावर. तोपर्यंत जे म्हणायचं ते म्हणून झालं होतं. घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात दोन ट्रे कसेबसे बसत. शेवटी त्याने ठरवलं की थर्माकोलची पेटी आणायची, ती बर्फाने भरायची, आणि पाच दिवस बर्फ बदलत राहायचं. उपाय बिनडोक होता हे त्यालाही कळत होतं. पण दुसरा नव्हता, आणि तीन वाजत आले होते.

बर्फाच्या दुकानात बर्फवाला लादी फोडत होता. दोन्ही हातांत पेटी धरून हा उभा. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. पेटी गुडघ्यावर टेकवून, फोन कान आणि खांदा यांच्यात दाबून तो "हॅलो" म्हणाला. लादीवर घाव पडत होते. मधूनमधून दवाखान्यातल्या मुलीचा आवाज येत होता.

"काका... गाडी आज लवकर... तुम्ही अजून... मग आम्हीच पुढचं... चालेल ना, काका?"

"चालेल," तो म्हणाला.

फोन बंद झाला. बर्फवाल्याने पेटीत पहिला तुकडा टाकला, दुसरा टाकला. तिसऱ्याच्या वेळी त्याला आपण काय म्हणालो ते ऐकू आलं.

त्याने परत फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. वाजत राहिला. तो पेटी घेऊन पळत सुटला. अठ्ठावन्नाव्या वर्षी, भर रस्त्यात, पेटीतून पाणी गळतंय आणि आत बर्फ खडखडतोय, अशा थाटात तो दवाखान्याच्या पायऱ्या चढला.

मुलगी उभीच राहिली. "गाडी गेली, काका. मी विचारलं तुम्हाला. तुम्ही चालेल म्हणालात." तिने रजिस्टर वळवून दाखवलं. साहेबांच्या नावापुढे, निळ्या शाईत, 'फोनवर संमती' असं लिहिलेलं. तिची चूक नव्हती. तो तिला तसं म्हणालाही.

तिने गाडी जाते त्या डेपोचा नंबर दिला. तिथे एका माणसाने फोन उचलला.

"आमचे साहेब आत्ताच तिकडे आलेत," तो धापा टाकत म्हणाला.

"साहेब? साहेब दुपारीच घरी जातात."

"तुमचे नाही, आमचे. गाडीतून आलेत. राखाडी आहेत, गळ्याखाली पांढरे."

मग तो माणूस हळूच म्हणाला, "मांजर का? दादा, गाडी उलटी केली की आम्हाला काही कळत नाही. आजच्या गाडीत वीसेक होते." फोन ठेवता ठेवता म्हणाला, "येऊ नका तुम्ही. बघवणार नाही."

सहाला बायको आली. त्याने तिला जिन्यातच सांगितलं, कारण वर जाईपर्यंत दम धरवला नसता. ती कठड्याला धरून एक पायरी खाली उभी होती.

"'चालेल' ते म्हणाले, की तुम्ही म्हणालात?"

"मी म्हणालो."

तिने मान हलवली. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती त्याच्या शेजारून वर गेली आणि दारात चपला काढत राहिली, दोनच चपला, पण बराच वेळ.

साडेसहाला दार वाजलं. मालकीणबाई होत्या, जिना चढून आल्यामुळे पदराच्या टोकाने घाम पुसत.

"चला," त्या म्हणाल्या. "टाकीचं काम करायला प्लंबर आला होता, त्याच्याकडून खणून घेतलंय मागे. पाइप चुकवून. मला मेलीला दुपारपासून चैन नाही. तुम्ही तरी काय हो खुर्चीवाले, एक शब्द बोलायचा होता, कुंडीत कसं मावेल म्हणून. तुम्ही चालेल म्हणून निघूनच गेलात. अडला असतात तर तेव्हाच दिला असता कोपरा. आणा, कुठे आहे?"

तो बायकोकडे बघत राहिला. बायकोच बोलली. "गाडीने नेलं, मावशी."

मालकीणबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "मग तो खड्डा तसा ठेवू नका. कोणाचा तरी पाय जाईल."

तिघं खाली गेले. खड्डा चांगला खणला होता, गुडघाभर, कडा सरळ. बाजूला मातीचा ढीग, त्यात रोवलेलं फावडं. त्याने माती ओढायला सुरुवात केली. सगळी माती आत गेली. वर काही उरलं नाही.

"एखादं झाड लावा हवं तर," मालकीणबाई म्हणाल्या.

"कशाला?" बायको म्हणाली. रागाने नाही, खरंच विचारल्यासारखं.

तो पायाने माती दाबत होता. जमीन आजूबाजूच्या जमिनीसारखी दिसायला लागली.

"त्या कडेला अजून थोडी दाबा," बायको म्हणाली. "तिथे पोकळ आहे."

त्याने तिथे दाबली.