पुलावर विहीर नसते

कंट्रोलबाईंना अर्धवट बोललेलं खपत नसे. सत्तावीस वर्षं त्यांनी अॅम्ब्युलन्सच्या नियंत्रण कक्षात फोन घेतले होते. पलीकडून माणसं रडत, ओरडत, धापा टाकत पत्ता सांगत. 'आमच्या घरी या', 'नेहमीच्या चौकात', 'त्या दुकानाला लागूनच'. त्यातून बाई अर्ध्या मिनिटात गल्ली, मजला आणि दाराचा रंग काढून घेत आणि ते सगळं त्या माणसाला परत म्हणून दाखवत. ही सवय घरीही सुटली नव्हती. नवऱ्याला बटाटे आणायला सांगितले आणि तो 'हो' म्हणाला, की त्या त्याला दारातच अडवत.

"हो म्हणजे काय? काय आणणार ते बोला."

"अगं, बटाटे."

"किती?"

नवरा निमूटपणे आकडा सांगे. एकतीस वर्षांच्या संसारात एवढं तो शिकला होता.

बाई निवृत्त झाल्या त्याच महिन्यात युद्ध सुरू झालं. दीड वर्षाने लष्कराकडून बोलावणं आलं. आघाडीवर वायरलेसवरून जे बोलणं होई ते सगळं रेकॉर्ड व्हायचं, पण ते ऐकून कुठे काय बिघडलं हे शोधायला माणसं नव्हती. नियंत्रण कक्षाच्या जुन्या साहेबांनी बाईंचं नाव सुचवलं. बाईंना वाटलं, शिस्तीची माणसं, मोजकं आणि स्वच्छ बोलत असतील. आपलं काम सोपं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी डोक्याला हात लावला.

जुन्या विमा कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांना टेबल मिळालं होतं. लिफ्ट बंद, खिडकी उघडायची नाही अशी पाटी, आणि हेडफोनचा उजवा कान अधूनमधून मुका. त्यातून जे ऐकू येई ते भयंकर होतं. तिघे तिघे एकाच वेळी बोलत. 'तिकडे सरका' म्हणणारा तिकडे म्हणजे कुठे ते सांगत नसे, आणि ऐकणाराही विचारत नसे. एक जण 'डावीकडे' म्हणे, ते स्वतःच्या डावीकडे की समोरच्याच्या, देव जाणे. कोट्यवधींची ड्रोन आकाशात, नकाशे हातातल्या पडद्यावर, आणि बोलणं असं, की लग्नघरात हरवलेली पिशवी शोधतायत.

"अशी माणसं माझ्या कक्षात असती तर मी त्यांना फोनला हात लावू दिला नसता," त्या घरी येऊन म्हणत. नवरा 'हो' म्हणे आणि मग घाईने पुढे जोडे, "म्हणजे, फोनला हात लावू दिला नसतास."

प्रत्येक रेकॉर्डिंगसाठी एक छापील तक्ता होता. संपर्क का तुटला, याचे चार चौकोन: उपकरणातला बिघाड, हवामान, जॅमिंग, इतर. जॅमिंग म्हणजे शत्रूने यंत्र लावून आपल्या आवाजात गोंगाट भरणं. 'इतर'वर खूण केली की वर तीन सह्या लागत, म्हणून बाईंच्या आधीचे सगळे डोळे मिटून जॅमिंगवर खूण करत आले होते. कागदावर बघावं तर दीड वर्षात आपली माणसं एकदाही चुकीचं बोलली नव्हती.

मग ते अडतीस मिनिटांचं रेकॉर्डिंग आलं.

अकरा जणांची एक तुकडी शेतातल्या एका पिवळ्या घरात अडकली होती. दोघे जखमी, त्यातला एक गंभीर. तुकडीचा वायरलेस ऑपरेटर मुख्य ठाण्याकडे गाडी मागत होता. शत्रू ऐकत असतो, म्हणून जागांची नावं उघड घ्यायची नसत. त्यासाठी शब्दांची यादी होती, घरातल्या वस्तूंची: कात्री, बादली, किल्ली, शिडी. त्या पिवळ्या घराचं नाव होतं शिडी.

"शिडीवर गाडी पाठवा. दोन जखमी. ओव्हर."

"शिडी. समजलं. गाडी निघतेय."

आवाज घंटेसारखा स्वच्छ होता. गोंगाटाचा टिपूससुद्धा नाही. आणि तरीही गाडी पिवळ्या घराकडे गेलीच नाही. ती चार किलोमीटर लांब, नदीवरच्या पुलावर जाऊन उभी राहिली. कारण त्या दिवशी सकाळी यादी बदलली होती. नव्या यादीत 'शिडी' म्हणजे पूल. नवी यादी सगळ्यांच्या मोबाईलवर पाठवली होती. आणि मोबाईलमुळे शत्रूला ठावठिकाणा लागतो म्हणून त्या तुकडीचे मोबाईल आदल्याच दिवशी वरच्या हुकमाने जमा करून घेतले होते. एका साहेबाने मोबाईल काढून घेतले, दुसऱ्याने त्याच मोबाईलवर यादी धाडली. दोघांनीही आपापलं काम चोख केलं.

एकोणिसाव्या मिनिटाला ऑपरेटरचा आवाज चढला. "गाडी कुठाय? आम्ही मागच्या अंगणात आहोत, विहिरीच्या आडोशाला. विहिरीपाशी या!"

"समजलं. शिडी, विहिरीपाशी," ठाण्याचा माणूस म्हणाला.

बाई खुर्चीतून उठल्याच. "अरे, पुलावर विहीर कुठून येईल!" त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या, की शेजारच्या टेबलावरचा लेखनिक दचकून बघायला लागला.

सव्विसाव्या मिनिटाला त्याच वाहिनीवर तिसराच आवाज घुसला: संध्याकाळच्या बातमीपत्रासाठी हलवलेल्या जखमींचा आकडा लगेच हवाय. ठाण्याने आकडा दिला, दोन. एकतिसाव्या मिनिटाला पुलावर उघड्यावर थांबलेल्या गाडीवर ड्रोन पडलं आणि ड्रायव्हरचा पाय गेला. पस्तिसाव्या मिनिटाला ऑपरेटर म्हणाला, "आता घाई नाही. एकच जखमी आहे."

त्या दिवशीचं बातमीपत्र बाईंनी काढून वाचलं. 'शत्रूच्या तुफान माऱ्याला न जुमानता दोन जखमींना सुखरूप हलवण्यात आले.' त्यांनी तो कागद टेबलावर पालथा ठेवला आणि जिना उतरून रस्त्यावर दोन फेऱ्या मारून आल्या.

त्यांनी चारही चौकोन रिकामे सोडले आणि खाली लिहिलं: 'आवाज स्वच्छ. दोन याद्या, एक शब्द. ऐकणाऱ्याने काय ऐकलं ते तपासलं नाही.'

विभागाचे मेजर तसे भले गृहस्थ. पण कागद वर जाताना अंगावर काही येऊ नये, याची त्यांना फार काळजी. त्यांनी बाईंना बोलावलं.

"बाई, इथं चौकोन चारच आहेत."

"मग पाचवा काढा."

"तो काढायला मुद्रणालयापर्यंत जावं लागतं. तुम्ही जॅमिंगवर खूण करा ना. कोणाला त्रास नाही."

"ज्याचा पाय गेला त्याला विचारलंत?"

मेजर कपाळ चोळत बसले. अहवाल वर गेला, खाली आला. दुसऱ्यांदा आला तेव्हा 'तपासलं नाही' खोडून कोणी 'तात्पुरती संदिग्धता उद्भवली' असं लिहिलं होतं. तिसऱ्यांदा आला तेव्हा शेवटी एक वाक्य वाढलं होतं: 'तुकडीच्या ऑपरेटरने कालबाह्य यादी वापरल्याचे दिसते.'

ते वाक्य वाचून बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन फेऱ्यांत सगळ्यांचे हात धुऊन झाले होते आणि घाण पाणी एकाच माणसाच्या अंगावर ओतलं होतं.

तो ऑपरेटर त्याच शहरातल्या लष्करी रुग्णालयात होता. तुकडी बाहेर पडताना त्याच्या मांडीत लोखंडाचा तुकडा घुसला होता. बाईंनी परवानगी मागितली नाही. मागितली असती तर सहा आठवडे गेले असते. भेटीच्या वेळेत त्या सरळ गेल्या.

तिशीतला, रोडावलेला माणूस, दोन कुबड्या पलंगाला टेकवलेल्या. त्याला वाटलं चौकशीसाठी कोणी आलंय. तो ताठ बसला आणि धडाधडा सांगायला लागला, "नवी यादी आमच्याकडे आलीच नव्हती, पण मी विचारायला हवं होतं, चूक माझी..."

"थांब. मी चौकशीवाली नाही. मी ते रेकॉर्डिंग ऐकलंय. नऊ वेळा."

तो हळूच म्हणाला, "मावशी, एक विचारू? मी विहिरीचं बोललो होतो का? मला आता आठवतच नाही. कधी वाटतं बोललो, कधी वाटतं मनातल्या मनातच."

"बोललास. एकोणिसाव्या, बाविसाव्या आणि चोविसाव्या मिनिटाला. अंगण म्हणालास, विहीर म्हणालास, एकदा पिवळी भिंतही म्हणालास. यादी मोडून बोललास तरी समोरच्याच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तुझ्या बोलण्यात खोट नव्हती."

त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. खांदे हलत होते. बाईंना सांत्वन करता येत नसे, त्यांनी कधी केलंही नव्हतं. फोनवर त्या फक्त 'मी ऐकतेय' म्हणत. तेच त्या आता दोनदा म्हणाल्या आणि बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "त्याला मी सांगत होतो, गाडी येतेय, गाडी येतेय."

त्या आठवड्यात ब्रिगेडिअर कचेरी बघायला येणार होते. फरशी पुसली गेली, लिफ्टसुद्धा चालू झाली. बाईंच्या टेबलाशी ते क्षणभर थांबले तेव्हा बाईंनी हेडफोन पुढे केला.

"साहेब, पाच मिनिटं. एकोणिसाव्यापासून."

मेजर घाईने पुढे झाले. ब्रिगेडिअरांनी उभ्याउभ्या ऐकलं, मग खुर्ची ओढून बसून ऐकलं. हेडफोन काढून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हे बाहेर कोणी ऐकलंय?"

"नाही, साहेब. आतच कोणी ऐकलं नाही, तिथं बाहेर कोण ऐकणार?"

ब्रिगेडिअरांनी टेबलावरचा तक्ता उचलून पाहिला. "मग तुमच्या मते काय करायला हवं?"

"तीन गोष्टी. ज्याने निरोप घेतला त्याने तो स्वतःच्या शब्दांत परत सांगायचा, आणि डोळ्याला दिसणारी एक खूण विचारायची. 'समजलं' हा शब्द बंद. यादी बदलली तर शेवटच्या तुकडीने 'मिळाली' म्हणेपर्यंत जुनीच चालू. आणि जखमींच्या वाहिनीवर बातमीपत्रवाल्यांनी तोंड घालायचं नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

"ठीक आहे. आपण यासाठी समिती नेमू."

बाईंनी मेजरांकडे पाहिलं. मेजरांनी छताकडे.

समितीने अडीच महिने घेतले. चव्वेचाळीस पानांची पुस्तिका निघाली. पहिल्या पानांवर संवादाचं महत्त्व, मग आकृत्या, मग बाण. बाईंच्या तीन गोष्टी सदतिसाव्या पानावर तळटीपेत होत्या, आणि तिथेही 'शक्य असल्यास' हे दोन शब्द जोडले होते. ऑपरेटरवरचा ठपका निघाला खरा, पण पत्रात लिहिलं होतं, 'दोष निश्चित करता येत नाही.' बाईंनी ते पत्र वाचून इतका संताप केला, की नवऱ्याने आपणहून भांडी घासायला घेतली.

एक गोष्ट मात्र ब्रिगेडिअरांनी समितीला न विचारता केली. आघाडीवर जाणाऱ्या प्रत्येक नव्या ऑपरेटरला दोन दिवस बाईंकडे पाठवायचं, असा चार ओळींचा हुकूम त्यांनी काढला. शिकवायला मदतनीस म्हणून बाईंनी त्या जखमी ऑपरेटरला मागून घेतलं. परत आघाडीवर जाण्याजोगा तो राहिला नव्हता.

बाई दोघांना पाठीला पाठ लावून खुर्चीवर बसवत. एकाच्या हातात कुठल्याशा खोलीचा फोटो, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद. बोलून खोली काढून घ्यायची. पहिल्या तासाला सगळ्यांची दारं खिडक्यांच्या जागी आणि पलंग जिन्यावर. बाई ओरडून ओरडून घसा बसवून घेत. "ऐकणाऱ्याने विचारायचं! तोंडात मिठाची गुळणी धरून बसलायस का?" ऑपरेटर काठी टेकत मागे फिरे आणि हळू आवाजात एकेकाला सांगे, "मावशी ओरडतात ते बरंय. तिकडे चुकलं की ओरडायलाही कोणी नसतं."

दोघांचं पटे असं नाही. तो घाईत बोले, शब्द गिळे, बाई त्याला चारचौघांत थांबवत. तो रुसे. दुसऱ्या दिवशी पुन्हा वेळेवर हजर.

चार महिन्यांनी एका वेगळ्याच ठाण्याचं रेकॉर्डिंग बाईंच्या टेबलावर आलं. जखमीसाठी गाडी मागणारा एक पुरुष आवाज, आणि ठाण्यावर एक तरुणी. तरुणी म्हणाली, "थांबा, परत सांगते. दोन मजली शाळा, तुम्ही मागच्या बाजूला. तुमच्या समोर काय दिसतंय?"

"पाण्याची टाकी. निळी. एक पाय मोडलेली."

"निळी टाकी, मोडका पाय. गाडी निघाली."

चौदाव्या मिनिटाला गाडी पोचली. त्या तरुणीचा आवाज बाईंना ओळखीचा वाटला, पण वर्गात इतके जण येऊन गेले होते, की खात्री देता येईना. त्यांनी ऑपरेटरला बोलावून आपला हेडफोन दिला. त्याने सगळं ऐकलं, आणि काठी घेऊन जिन्याकडे निघून गेला.

रेकॉर्डिंगच्या शेवटी तो पुरुष आवाज म्हणाला होता, "ताई, फार उपकार झाले."

जखमींच्या वाहिनीवर आभार मानून वेळ घालवायचा नसतो, असं बाईंनी समासात चिडून लिहिलं आणि ते वाक्य पुन्हा एकदा ऐकलं.