भाकऱ्या सांभाळून बसवलेलं गाणं

माझी मुलगी आणि तिची मैत्रीण, अशा दोघींचाच बँड आहे. मुलगी गिटार वाजवते आणि गाते, मैत्रीण ड्रम वाजवते. त्यांचं पहिलं गाणं कसं सुचलं, हे विचारलं की दोघी दर वेळी वेगळं काहीतरी रंगवून सांगतात. खरं मी सांगते, कारण ते माझ्या घरात घडलं.

माझा कडक भाकरीचा व्यवसाय आहे. शेकून कडक केलेल्या भाकऱ्या आम्ही मागच्या खोलीत मांडणीवर उभ्या लावतो. दार घट्ट बंद होणारी घरात तेवढीच खोली, म्हणून सरावही तिथंच. पहिल्याच दिवशी मोठा ड्रम धडाडला आणि वरच्या फळीवरच्या भाकऱ्या खाली आल्या. अख्खी एकही राहिली नाही.

माझ्याकडे भाकऱ्या थापायला येणाऱ्या मावशी करकंबच्या. त्या दारातूनच म्हणाल्या, "ह्ये गाणं हाय का पाडापाडी? आता चुराच विका की ताई!"

मी सराव बंद केला नाही, नियम केले. ड्रममध्ये गोधडी कोंबायची. काठ्यांऐवजी बोटांनी वाजवायचं. भाकरी थरथरली की थांबायचं.

"आई, रॉक असं कुजबुजत नसतं वाजवत!"

"मग भाकऱ्या तू थाप."

दोघी कुजबुजत वाजवायला लागल्या. भाकऱ्यांची ने-आण करताना माझ्या सूचना चालूच असायच्या. एकावर एक रचू नका. काठाला धरू नका. ओला हात लावू नका.

पुढे शहरात नव्या बँडांचा कार्यक्रम ठरला. गाणं स्वतःचंच हवं, ही अट. यांच्याकडे चाल तयार होती, शब्द नव्हते. मुलीनं काळोख, विरह, तुटलेलं काळीज असं बरंच लिहून पाहिलं. मैत्रीण विणकरांच्या तेलुगू घरातली, तोंडानं फटकळ. ती म्हणाली, "तुझं काळीज कधी तुटलंय गं? तुटल्या त्या भाकऱ्या."

चाल बसवताना मुलगी शब्दांच्या जागी माझ्या सूचनाच म्हणायची. मैत्रीण म्हणाली, "हेच ठेव."

"लोक हसतील."

"हसू देत की."

मुलीला ते हसण्यावारी नेता येईना. फजिती झाली तर गिटार विकून टाकणार, असं तिनं घरात जाहीर केलं होतं, आणि ती बोलते तसं करते. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "सूचना बरोबर आहेत. बिनधास्त गा."

कार्यक्रमात मुलीनं गाण्याचं नाव सांगितलं, 'कडक भाकरी'. मग पहिली ओळ आली, "एकावर एक रचू नका," आणि सभागृह हसलं. सोलापुरात कडक भाकरी कुणाला सांगावी लागत नाही. मुलीचा आवाज बारीक झाला. मैत्रीण सवयीनं बोटांनीच वाजवत होती. मग तिला बहुधा आठवलं की इथं मांडणी नाही. तिनं काठ्या उचलल्या आणि असा दणका दिला की माझ्या शेजारी बसलेल्या मावशींनी कानावर हात ठेवले. मुलगी चमकली आणि तिनं पुढची ओळ ओरडूनच म्हटली. तिसऱ्या ओळीला "ओला हात" एवढं ती म्हणाली आणि "लावू नका" लोकांनीच म्हटलं.

गाणं संपलं तरी टाळ्या थांबेनात.

"दुसरं नाही आमच्याकडं," मुलगी माइकवर म्हणाली.

"मग त्येच म्हना की!" मावशी ओरडल्या.

तिनं गिटारचा पट्टा नीट केला आणि तेच म्हटलं, या वेळी पहिल्या ओळीपासून जोरात.