सहा कप मध

आत्या एकतीस वर्षं एकाच बेकरीत, एकाच टेबलापाशी उभी राहिली. मधाचा केक तिच्या हातचा. मोजमाप म्हणाल तर दांडी तुटलेला पत्र्याचा एक कप. पिठाला तोच, तेलाला तोच, मधालाही तोच. मग थोरले मालक घरी बसले, धाकटे मालक आले आणि त्यांच्याबरोबर काचेचा वजनकाटा आला.

"काकू, पंधरा दिवसांत सगळं ग्रॅममध्ये लिहून द्या," ते म्हणाले. "ज्यांना जमणार नाही, त्यांना पॅकिंगला बसवावं लागेल."

पॅकिंग म्हणजे मागची खोली. खोके दुमडायचे, चिकटपट्टी लावायची. नुसत्या विचारानेच आत्याची झोप उडाली. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे हे लोढणं माझ्या गळ्यात पडलं. मी म्हटलं, त्यात काय मोठंसं! पीठ, तेल तोलून घेतलं. मध चिकट, म्हणून त्याच्याऐवजी कपात पाणी भरलं, काट्यावर ठेवलं, रिकाम्या कपाचं वजन वजा केलं. दोनशे चाळीस. म्हणजे सहा कप मध चौदाशे चाळीस ग्रॅम. लिहून मोकळी झाले.

केक निघाला फिकट, कोरडा, घशात अडकणारा. आत्याने कपाळावर हात मारला. "अगं, पाण्याचं माप मधाला लावलंस? मध जड असतो, हे मला चौथी शिकलेलीला कळतं. आणि तू म्हणे गणिताची बाई!"

मला राग आला, पण तो तिच्यावर काढता येईना, कारण ती खरं बोलत होती. दुसऱ्या दिवशी कप मधाने काठोकाठ भरून तोलला. तीनशे चाळीस. त्या हिशेबाने सहा कपांचा मध भांड्यात तोलून घेतला, एक थेंब कमी नाही. हा केक वरून करपला आणि मधोमध खचला. आगीतून फुफाट्यात! तिसऱ्यांदा तेच, चौथ्यांदा तेच. काटा बरोबर, गुणाकार बरोबर, भट्टी तीच, आणि केकचं बूड मात्र ओलंगच्च. तेरा दिवस गेले. मी वही आपटली.

"आत्या, तू नेहमीसारखा कर. मी नुसती बघते."

तिने कप भरला, भांड्यावर उपडा केला आणि धार बारीक झाली तसा उचलून पुन्हा मधात बुडवला.

"अगं, आत राहिला की!"

"राहू दे. तो कपाचा असतो."

हे तेरा दिवसांत एकदाही सांगावंसं वाटलं नाही हिला! मला किंचाळावंसं वाटलं. कपाचा नाद सोडला आणि अख्खं भांडंच काट्यावर ठेवलं. तिने सहा वेळा ओतलं. अठराशे साठ. पुन्हा ओतायला लावलं, अठराशे अठ्ठावन्न. पुन्हा, अठराशे बासष्ट. माणसाचा हात म्हणावा की काय! अठराशे साठ लिहिलं, तोलून केक केला, आणि तो अगदी आत्याचा निघाला. दोघींनी टेबलापाशी उभ्यानेच अर्धा संपवला.

कागद प्लॅस्टिकमध्ये घालून भिंतीवर लागला. भट्टीवरच्या माणसाने तो वाचून केक केला. तोही आत्याचाच निघाला. धाकटे मालक खूश.

"काकू, आता हे कुणालाही जमतंय. तुम्ही कशाला उभ्याने पाय दुखवून घेता? उद्यापासून पॅकिंगला बसा आरामात."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि ते मी केलं होतं, चांगले तेरा दिवस डोकं फोडून. मागच्या खोलीत गेले तेव्हा ती मान खाली घालून खोके दुमडत होती. मला रडू फुटलं.

"आत्या, मी त्यांना चुकीचाच आकडा द्यायला हवा होता. बिघडू द्यायचे होते केक. आले असते तुझ्याकडे नाक मुठीत धरून."

तिचे हात थांबले. इतकं चिडलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"आणि विकत नेणाऱ्यांनी काय खायचं होतं? त्यांनी माझं काय वाकडं केलंय?"