कात्रीताईने वेग कापला

वेगाचा आकडा मोठा दिसला की काम होतंय, असं तुम्हाला कोणी सांगितलं?

कात्रीताई गिरणीमागच्या गल्लीत शिवणकाम करते. हातात कात्री आणि जिभेलाही धार, म्हणून हे नाव. शाळा सातवीतच सुटली. संगणक ती शिकली, तोही त्याला शिव्या घालतच.

गल्लीतली घरं पाडायची नोटीस आली होती. गेल्या वर्षी भरसभेत पालिकेच्या साहेबांनी कबूल केलं होतं की नवी घरं दिल्याशिवाय एक वीट हलणार नाही. आता कार्यालय म्हणत होतं, असं कोणी बोललंच नाही. सभेचं चित्रीकरण टॉरेंटवर टाकलं होतं, म्हणजे ज्यांच्याकडे ते आहे त्यांच्या चालू संगणकांवरून फाइल तुकड्यातुकड्यांनी उतरते. मूळ प्रत बिघडली होती. बाकीच्या प्रती कामासाठी चार शहरांत पांगलेल्या गल्लीकरांकडे होत्या, कोणाकडे अर्धी, कोणाकडे पाऊण. संगणक चालू ठेवलेल्यांत पुरी प्रत आहे असं छातीठोकपणे सांगणारा एकच, ताईचा धाकटा दीर.

सुनावणी दुपारी चारला होती. सकाळी दहापासून ताई फाइल उतरवत बसली होती.

"सेकंदाला आठ एमबी! पळतंय की!" मागून इस्त्रीवाला म्हणाला.

"पळतंय, पण पोचत नाहीये," ताई म्हणाली. फाइल नऊ जीबीची होती. अकरा जीबी येऊन गेले होते आणि टक्के बासष्टवरच अडले होते. निम्मा माल 'वाया' या रकान्यात गेला होता आणि तोच आकडा चढत होता.

कापड कापताना ताई प्रत्येक भागावर खडूने खूण करते. खूण जुळली नाही तर तो भाग शिवायचा नाही, पुन्हा कापायचा. इथेही तेच चाललं होतं. प्रत्येक तुकड्याची खूण ठरलेली. नासका तुकडा आला की संगणक तो फेकायचा आणि पुन्हा मागायचा. पण एक तुकडा चौघं मिळून देतात, मग नासवणारा ओळखायचा कसा?

ताईने एकेकाला तोडून पाहिलं. दिराला तोडलं आणि 'वाया' जागच्या जागी थांबलं. वेग मात्र सातशे केबीवर आपटला.

"अगं, आठाचे पाऊण केलेस! घरच्या माणसालाच तोडलंस?"

"तू इस्त्री बघ. तुझी जळतेय."

तिने फोन लावला. "भाऊजी, तुमची प्रत नासलीय."

"वहिनी, माझ्याकडे शंभर टक्के दाखवतंय."

"ते उतरवलं तेव्हाचं. आता फेरतपासणी करा."

फोन चालू ठेवूनच त्याने तपासणी लावली. "...त्र्याण्णव, वहिनी."

"डिस्क मरायला टेकलीय. आता तुम्हीही आमच्याकडूनच घ्या."

मुंगीच्या पावलांनी, पण टक्के चढू लागले. दीडच्या सुमारास अठ्ठ्याण्णववर गाडी अडली. उरलेले तुकडे संगणक चालू असलेल्या कोणाकडेच नव्हते. ताईने गल्लीतल्या जुन्या केबलवाल्याला फोनवर गाठलं. तो आता दुसऱ्या शहरात राहत होता.

"माझं उतरलं त्याच दिवशी बंद केलं, ताई. वीज काय फुकट येते?"

"आणि तुला तुकडे काय विकत मिळाले होते? तुझ्या आईचं घर याच गल्लीत आहे ना रे? कर चालू."

पावणेतीनला शंभर टक्के झाले. ताईने स्वतः फेरतपासणी केली, मगच पेन ड्राइव्ह भरला.

सुनावणी घेणारे साहेब चित्रीकरण बघून म्हणाले, "हे तुम्ही जुळवून आणलं असेल."

"यात हजारो तुकडे आहेत, साहेब, आणि प्रत्येकाची खूण गेल्या वर्षीच लागलीय. एक अक्षर बदललं तरी खूण जुळायची नाही. तुमच्या माणसाकडून तपासून घ्या. मी बसते इथे."

ती बसून राहिली. पावणेसहाला कागद हातात पडला. पुढच्या सुनावणीपर्यंत पाडकाम बंद.

पण खूण जुळणाऱ्या प्रती आज तीनच घरांत आहेत, आणि डिस्क कोणाचीही मरू शकते. तुमच्याकडे नऊ जीबी जागा असेल तर एक प्रत मागून घ्या, उतरली की तपासा, आणि पुढच्या सुनावणीपर्यंत संगणक चालू ठेवा.