आत्याचा शनी आणि माझे हॅलोजन

मी संशयी माणूस नाही. माझा फक्त कुणावर विश्वास नसतो, एवढंच. दूधवाला लवकर आला की मला वाटतं, याला आज कसली घाई? आणि उशिरा आला की वाटतं, मधल्या वेळात नळाखाली थांबला असणार! मागे वीजमीटर वाचायला आलेल्या पोराकडे मी ओळखपत्र मागितलं. त्यानं लगेच काढून दाखवलं, तर मी म्हणालो, "एवढं तयार कसं काय ठेवलंस?" (तेव्हापासून तो आमचं बिल अंदाजे लावतो.)

पण वसईजवळच्या भुईगावात वाडी असलेल्या माणसानं संशय घ्यायचा नाही तर काय करायचं? इथं कुणी तीन पायांचा स्टँड रोवला की समजायचं, मोजणी आली. आज मोजणी, उद्या खुंट्या, परवा तुमच्या केळीतून रस्ता! आमच्याकडची पोरं बागुलबुवाला भीत नाहीत, मोजणीवाल्याला भितात. त्यात वाडीला लागून आमचं भात कापलेलं मोकळं शेत, आणि सातबाऱ्यावर नाव माझ्या आत्याचं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. ऐंशी ओलांडलेली, कायम माहेरीच राहिलेली. एका डोळ्यानं दिसत नाही, आणि दुसऱ्याचं आता फार दिवस धरून चालू नका, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. पण जीभ ठणठणीत! माझी रास कुंभ, मला साडेसाती, म्हणून ती दर शनिवारी वाटीभर तेल घेऊन काठी टेकत मारुतीला जाते. "दिन्या, शनी हात धुऊन तुझ्या मागे लागलाय रे!" हे मला रोज चहाबरोबर ऐकावं लागतं.

तर दिवाळी सरली होती. दुपारी मी केळींना पाणी लावत होतो, तेवढ्यात शेतात दोन पुरुष आणि एक बाई दिसले. शहरी. एकाच्या खांद्यावर तीन पायांचा स्टँड! मी केळीआड झालो.

"नैर्ऋत्य मोकळी पाहिजे," एक जण म्हणाला. "जागा झकास आहे, पण त्या ठेंगू माडाची झावळी आडवी येते."

"काढून टाकायची का?" बाई म्हणाली.

"वहिनींना विचारू. सगळं त्यांनीच ठरवलंय. काकांना मात्र कळू द्यायचं नाही म्हणाल्या."

काका म्हणजे मी! आणि वहिनी म्हणजे माझी बायको नलिनी! इतक्या वर्षांच्या संसारात ही बाई मला न विचारता कढीपत्ता तोडत नाही, आणि आता शेत विकायला निघाली?

घरात आलो. नलिनी फोनवर बोलत होती, मला बघताच म्हणाली, "बरं, ठेवते." मी साळसूदपणे विचारलं, "शेतात कोण आलं होतं गं?"

"कुठं? कुणी नाही."

"तिघं होती."

"गुरं असतील हो."

"स्टँड घेऊन?"

"अहो, तुम्ही झोपा बरं जरा!" म्हणून ती आत गेली. जाताना तिच्या पिशवीतून कागदी कपांचं पाकीट पडलं. चांगलं शंभराचं. आम्ही घरात तीन माणसं! म्हणजे चहापाणी, पाहुणे, व्यवहार. कहर म्हणजे संध्याकाळी आत्या म्हणाली, "दिन्या, माझं जरीकाठी लुगडं इस्त्री करून आण. आणि चष्मा नीट पुसून दे. उद्या तिन्हीसांजेला लागणार आहे."

"कशाला लागणार आहे?"

"बघायचंय मला एक. डोळे मिटायच्या आत." आणि बोळक्या तोंडानं हसली.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हातारीला नटवून सही घेणार! ती बिचारी एका डोळ्यानं काय वाचणार?

मी तडक शेजारच्या वाडीत बस्त्यावकडे गेलो. बस्त्याव माझा शाळेपासूनचा मित्र. संशयात माझ्याहून एक पायरी खाली, पण घाबरण्यात दोन पायऱ्या वर.

"स्टँड तीन पायांचा होता?" त्यानं विचारलं.

"तीन पायांचा."

"जेजू रे! मग गेलं तुझं शेत. आणि तुझ्यापाठोपाठ माझं!" तो मटकन ओट्यावर बसला. मग एकदम उठला. "दिनू, असली कामं अंधारात चालतात. आपण उजेड पाडू! सणाला लावतो ते दोन हॅलोजन आहेत माझ्याकडे. ऐन वेळी पेटवू, सगळ्या आळीसमोर पकडू."

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला आम्ही आळीतले सात-आठ जण कुंपणाआड दबा धरून बसलो. डास आमचं रक्त पीत होते आणि आम्ही जमिनीसाठी ते सांडत होतो. एकेक गाडी यायला लागली. गोखिवऱ्याकडची फ्लॅटमधली मंडळी, बायका, पोरं, एक आजोबा तर माकडटोपी घालून!

"एवढी गिऱ्हाइकं?" बस्त्याव कुजबुजला.

"प्लॉट पाडणार असतील."

मग स्टँड उभा राहिला. त्यावर दोघांनी उचलून एक जाडजूड नळकांडं चढवलं. असली मोजणीची दुर्बीण मी जन्मात पाहिली नव्हती. याच्यातून तर थेट पालघरपर्यंतच्या जमिनी मोजता आल्या असत्या! एवढ्यात नलिनी आली आणि तिनं स्वतःच्या हातानं आमच्या ओटीवरचा दिवा घालवला. लोकांच्या हातातल्या टॉर्चना लाल कागद लावलेले. आणि खुर्चीवर, जरीकाठी लुगडं नेसून, आत्या!

"आत्याबाई, आता तुम्हीच आधी," स्टँडवाला म्हणाला. "या, डोळा इथं लावा."

"बस्त्याव, पेटव!" मी ओरडलो.

भक्कन दोन्ही हॅलोजन पेटले. शेतात दिवस उगवला! बायका किंचाळल्या, पोरं रडायला लागली, माकडटोपीवाले आजोबा खाली बसले. आत्यानं दोन्ही हातांनी डोळे झाकले.

"अहो, लाईट बंद करा!" स्टँडवाला ओरडला.

"का? चोराला उजेड सोसत नाही का?"

"काका, शनी दिसत नाही आम्हाला!"

"थांब, मीच दाखवतो तुला शनी!" मी बाह्या सरसावल्या. "गरीब म्हातारीला फसवून सह्या घेता? कुठाय तुमचा बिल्डर? बोलवा त्याला!"

माकडटोपीवाले आजोबा हळूच म्हणाले, "मी पोस्टातून रिटायर झालोय हो."

नलिनी पुढे आली. तिचा चेहरा बघून बस्त्याव मागे सरकला. "अहो, हे आकाश बघणारं मंडळ आहे! वसईतली हौशी माणसं. महिन्यातून एकदा कुठंतरी दुर्बीण लावतात आणि लोकांना ग्रहतारे दाखवतात. फुकट! आत्यांना शनीची कडी बघायची होती. डोळा आहे तोवर."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही शनीचा सातबारा मागितला असता!"

सगळं शेत हसलं. मला मात्र हसू आलं नाही, कारण आत्या डोळे चोळत होती आणि चांगल्या डोळ्यातून पाणी गळत होतं. "मला काही दिसेनासं झालंय रे दिन्या," ती म्हणाली, "सगळं पांढरं पांढरं." खरं सांगतो, पायाखालची जमीन सरकली. ती जमीन वाचवायला तर मी आलो होतो!

मी हॅलोजनकडे धावलो. बटण कुठलं ते बस्त्यावला आठवेना. दोघांनी मिळून वायर ओढली, तर फाटकन ठिणगी उडाली आणि अख्ख्या आळीची वीज गेली. गावभर काळोख. आणि वर बघतो तर काय, चांदण्यांचा नुसता सडा पडलेला!

"वा! असा अंधार आम्हाला मागून मिळत नाही," स्टँडवाला म्हणाला. थोड्या वेळानं आत्या म्हणाली, "आता दिसतायत रे माणसं," आणि माझा जीव भांड्यात पडला. पण तेवढ्यात स्टँडवाल्यानं दुर्बिणीत बघून कपाळाला हात लावला. या सगळ्या गोंधळात शनी सरकून नेमका आमच्या ठेंगू माडाच्या झावळीआड गेला होता.

"दुर्बीण हलवा की!" मी म्हणालो.

"सगळं परत जुळवावं लागेल, आत्या तोवर दमतील. ती झावळी कुणी बाजूला धरली तर..."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी निमूटपणे नारळ ओढायची आकडी आणली, झावळीत अडकवली आणि सगळा जोर लावून ती बाजूला ओढून धरली.

आत्यानं डोळा लावला. मग ती लहान मुलीसारखी ओरडली, "अगंबाई! कडी आहे गं! खरंच आहे! नलू, बघ!" नलिनीनं पदर डोळ्यांना लावला. अंधारात कुणाला दिसलं नाही म्हणून सांगतो, मीही बाहीला नाक पुसलं.

मग रांग लागली. शनी खाली सरकत होता, माझी आकडी त्याच्यामागून खाली सरकत होती, खांद्यातून कळा येत होत्या. बस्त्यावनं बघितलं आणि दचकला. "दिनू, मेलो! तिथंपण रिंग रोड काढलाय!" माकडटोपीवाल्या आजोबांनी तर दोनदा बघितलं. आळीतल्या झाडून सगळ्यांनी शनी पाहिला. माझी पाळी आली तेव्हा तो क्षितिजाच्या धुरकटात गेला होता.

घरी परतताना आत्या माझा हात धरून चालत होती. "बिचारा!" ती म्हणाली. "एवढुसा, गप आपला कडी सांभाळत बसलेला. उगाच त्याच्या नावानं बोटं मोडली इतकी वर्षं. आपल्या घरची साडेसाती हॅलोजन घेऊन हिंडते!"

आता ती शनिवारी मारुतीला जात नाही. वाटीभर तेल घेते, मला समोर पाटावर बसवते, आणि "शांत हो रे बाबा" म्हणत सगळं माझ्याच टाळूवर ओतते. (तेल कुठल्या घाण्यावरचं आहे, याची चौकशी मी चालू केली आहे.)